‘रिसीट’ : अर्थ, वापर आणि स्पेलिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात हिशेबाचं काम आणि इंग्रजी पत्रव्यवहार शिकवताना ‘रिसीट’ या एका शब्दावर मला जितके प्रश्न येतात, तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दावर येत नाहीत. विचारणारेही सगळ्या थरांतले. राजारामपुरीत टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावलेली मुलं, शिरोली एमआयडीसीत स्टोअरला नव्यानं लागलेले, मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजींच्या हाताखाली बसणारे, तालमीच्या वर्गणीचं पावती पुस्तक छापायला निघालेले कार्यकर्ते. त्यांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत घेतले आहेत. उत्तरं सविस्तर आहेत, कारण हा शब्द पैशाशी जोडलेला आहे आणि तो चुकला की हिशेब उलटा पडतो.

रिसीट म्हणजे पावतीच ना? त्यात विचारण्यासारखं काय आहे?

पावतीच. पण एक गोष्ट पक्की धरा, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील: रिसीट नेहमी ज्याला मिळालं त्याच्याकडून येते. हा शब्द ‘रिसीव्ह’ म्हणजे मिळणं, स्वीकारणं या क्रियापदाच्या घरातला आहे. पैसे असोत, माल असो, पत्र असो, ते ज्याच्या हातात पडलं तो म्हणतो, ‘हो, मला पोचलं’. हे त्याचं म्हणणं कागदावर आलं की ती रिसीट.

आपला ‘पावती’ शब्दही ‘पावणे’ म्हणजे पोचणे, मिळणे यातूनच आलेला आहे. ‘पोच’ तर उघडच पोचण्यातून आली. त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

इंग्रजीत याचे दोन अर्थ चालतात. एक म्हणजे कागद: दोन रिसीट, चार रिसीट असं मोजता येतं. दुसरा म्हणजे मिळण्याची क्रिया: ‘रिसीट ऑफ गुड्स’ म्हणजे माल हाती येणं. हा दुसरा अर्थ मोजता येत नाही, त्याला अनेकवचन नाही आणि त्याच्याआधी ‘अ’ लावत नाहीत. पत्रांमधल्या बहुतेक चुका हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

स्पेलिंग काय? दर वेळी ई आधी की आय आधी, तिथंच अडतं.

आर, ई, सी, ई, आय, पी, टी. एकूण सात अक्षरं.

अडतं ते मधल्या ‘ई-आय’वर. शाळेत एक नियम सांगतात: ‘ई’चा लांब उच्चार असेल तर साधारणपणे आय आधी आणि ई नंतर, पण सी च्या मागोमाग आलं तर उलट, ई आधी आणि आय नंतर. बिलीव्ह, अचीव्ह, रिलीफ, फील्ड यांत आय-ई आहे. रिसीव्ह, रिसीट, डिसीव्ह, पर्सीव्ह, सीलिंग यांत सी आहे, म्हणून ई-आय. नियमाला अपवाद आहेत. सीझ, म्हणजे जप्त करणं, यात सी नसताना ई-आय येतं, प्रोटीनमध्येही तसंच. स्पीशीजमध्ये सी असून आय-ई येतं. सायन्स आणि एफिशंट यांत उच्चारच लांब ‘ई’ नाही, म्हणून तिथं नियम लावायचाच नाही. आपल्या कामाच्या शब्दांपुरता, म्हणजे रिसीव्ह, रिसीव्ह्ड आणि रिसीट या तिघांना, हा नियम चोख बसतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मधला ई गाळून आर-ई-सी-आय-पी-टी लिहिणं. हा रिसीट आणि रेसिपी यांचा घोळ आहे. रबरी शिक्का करून घेताना तरी कागदावर एकेक अक्षर सुटं लिहून द्या. लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी दुकानांत ‘रिसीव्ह्ड’चा शिक्का आय-ई घालून झालेला दिसतो, आणि मग तो रबर झिजेपर्यंत प्रत्येक कागदावर तसाच उठत राहतो.

उच्चारात नसलेला पी स्पेलिंगमध्ये आला कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर पाठ करायचं नसून समजून घ्यायचं आहे.

इंग्रजीनं हा शब्द इंग्लंडात बोलल्या जाणाऱ्या नॉर्मन फ्रेंचमधून घेतला. तिथं तो ‘रिसाइट’ किंवा ‘रिसेट’सारखा काहीसा होता आणि त्यात पी नव्हता, ना उच्चारात ना लेखनात. फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या ‘रेसेप्टा’वरून आला होता. लॅटिनमध्ये पी होता, पण फ्रेंच लोकांच्या तोंडी येईतो तो झिजून गेला. पुढं साधारण १५०० नंतर इंग्लंडातल्या शिकलेल्या लोकांना वाटलं, की शब्दांवर त्यांचं मूळ लॅटिन कूळ दिसावं. मग त्यांनी पी पुन्हा आणून बसवला. लिहिणाऱ्यांनी लिहायला सुरुवात केली, पण बोलणाऱ्यांनी काही तो उच्चारला नाही. तेव्हापासून तो तिथं मुका बसून आहे.

हाच प्रकार ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दात झाला. लॅटिन ‘डेबिटम’मधला बी आणून घातला, पण उच्चार मात्र डेटच राहिला. ‘डाउट’मधला बी असाच आला, ‘इंडाइट’मधला सीही तसाच.

गंमत पुढं आहे. ‘डिसीट’ म्हणजे फसवणूक आणि ‘कन्सीट’ म्हणजे गर्व हे दोन शब्दही रिसीटच्याच कुळीतले. त्यांनाही काही काळ पी लावून लिहिलं जायचं. पण त्यांचा पी टिकला नाही, रिसीटचा टिकला. त्यामुळे आज तिघांपैकी एकालाच पी आहे. याला कसलाही तर्क नाही, रूढी ठरली तशी ठरली.

लक्षात ठेवायला एक सोय सांगतो. याच घरातले ‘रिसेप्शन’ आणि ‘रिसेप्शनिस्ट’ शब्द घ्या. त्यांत पी ठणठणीत ऐकू येतो. लग्नाचं रिसेप्शन म्हणजे पाहुण्यांचा स्वीकार, आणि रिसीट म्हणजे पैशाचा स्वीकार. रिसेप्शनमध्ये पी आहे, म्हणून रिसीटमध्येही लिहायचा. इतकं ध्यानात राहिलं तर पी कधी गळणार नाही.

मग ‘रिसिप्ट’ म्हणणं चूक का? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

इंग्रजी बोलताना चूक. इंग्लंडात, अमेरिकेत आणि इथल्या नीट इंग्रजी बोलणाऱ्यांतही उच्चार ‘रिसीट’ असाच आहे. जोर ‘सीट’वर, आणि ती ‘सीट’ खुर्चीच्या सीटसारखीच लांब म्हणायची. मुलाखतीत किंवा बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना हे लक्षात ठेवा.

आपापसांत मराठीत बोलताना कुणी ‘रिसिप्ट’ म्हणालं म्हणून त्याला अडवू नये. स्पेलिंग डोळ्यांपुढं ठेवून वाचणाऱ्याच्या तोंडी पी येणं साहजिक आहे.

मराठीत लिहिताना रिसीट, रिसिट की रीसीट?

‘रिसीट’. अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकारयुक्त असेल तर मराठीत ते दीर्घ लिहितात, जसं गरीब, वकील. इंग्रजी उच्चारातही तिथंच ‘ई’ लांब आहे, म्हणजे दोन्हीकडून जमतं. पहिला ‘रि’ ऱ्हस्व. लिंग स्त्रीलिंगी: ती रिसीट. पावती स्त्रीलिंगी आहे, तिच्या मागोमाग हीदेखील.

पण मराठी वाक्यात ‘पावती’ बसत असेल तर तीच लिहा. दुकानाच्या पाटीवर ‘पावती घेतल्याशिवाय जाऊ नये’ हे जितकं चटकन समजतं, तितकं ‘रिसीट घेतल्याशिवाय’ समजत नाही.

बिल, इन्व्हॉइस, कॅश मेमो, चलन आणि रिसीट यांत फरक काय? आम्ही सगळ्यालाच बिल म्हणतो.

कोल्हापुरातच नव्हे, सगळीकडेच म्हणतात. घरगुती बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही. पण ऑफिसात बसून इंग्रजीत लिहायचं असेल तर वेगळेपण कळलंच पाहिजे.

बिल आणि इन्व्हॉइस म्हणजे मागणी. विकणारा म्हणतो, ‘एवढे पैसे येणं आहे’. पैसे मिळाले की नाही, हे त्यावरून कळत नाही. दोन्ही शब्द अर्थानं जवळचे आहेत. कंपन्यांच्या व्यवहारात इन्व्हॉइस, हॉटेलात आणि विजेच्या बाबतीत बिल. जीएसटीत ‘टॅक्स इन्व्हॉइस’ हा कायद्यातला शब्द आहे. कॅश मेमो म्हणजे जागेवर रोख घेऊन केलेली विक्री, त्यात मागणी आणि पोच एकदमच होतात. डिलिव्हरी चलन मालासोबत जातं आणि पाठवणारा ते करतो. बँकेचं चलन पैसे भरणारा लिहितो. बँक शिक्का मारून त्यातला तुकडा परत देते, तेव्हा तो तुकडा तुमची रिसीट होतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल विकल्यावर किंवा सेवा दिल्यावर बिल, कॅश मेमो किंवा रिसीट न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तिथं हे तीन शब्द वेगवेगळे लिहिलेत, एकाच अर्थाचे म्हणून लिहिलेले नाहीत.

आता शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याचं उदाहरण घ्या, म्हणजे दिशा नीट दिसेल. फाउंड्रीतून कास्टिंग निघालं. पाठवणाऱ्यानं चलन आणि इन्व्हॉइस केलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं माल गाडीत घेतला आणि एल.आर. म्हणजे लॉरी रिसीट दिली, जिला व्यापारी बिल्टी म्हणतात. ती ट्रान्सपोर्टवाल्यानं का दिली? कारण त्या क्षणी माल त्याला मिळाला. गाडी गिऱ्हाइकाच्या गेटवर पोचली. स्टोअरवाल्यानं नग मोजले, चलनाशी ताडून पाहिले आणि जी.आर.एन., म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केलं. यातला आर कुठं ‘रिसीट’चा लिहितात, कुठं ‘रिसीव्ह्ड’चा. हा कागद स्टोअरवाल्यानं का केला? आता माल त्याला मिळाला म्हणून. पुढं पैसे चुकते झाले आणि फाउंड्रीनं पैसे मिळाल्याची रिसीट दिली. एकाच मालामागं तीन वेळा रिसीट झाली, आणि प्रत्येक वेळी देणारा वेगळा, म्हणजे ज्याच्या हातात काहीतरी आलं तो.

मार्केट यार्डात शेतकऱ्याला मिळते ती पट्टी, ती रिसीट का?

नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे सौद्यात विकले गेले की अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो. तीत वजन, दर, एकूण रक्कम, त्यातून हमाली, तोलाई वगैरे वजावट आणि खाली निव्वळ देणं असतं. हा विक्रीचा हिशेब झाला. वाणिज्याच्या पुस्तकात याला ‘अकाउंट सेल्स’ म्हणतात. दुसऱ्याचा माल विकून देणारा मालकाला जो हिशेब देतो तो. पट्टीचं इंग्रजी करायची वेळ आली तर हाच शब्द वापरा. पुढं शेतकरी पैसे घेतो आणि सही करतो, ती सही म्हणजे रिसीट. इथं ती शेतकऱ्याकडून अडत्याकडे जाते, हे विसरू नका.

साखर कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढल्यावर मिळणारी काटा पावती वेगळी. ती मुळात वजनाची चिठ्ठी असते. पण तेवढा ऊस कारखान्याला मिळाला हेही ती सांगते, म्हणून माल मिळाल्याची रिसीट म्हणून ती चालते. ती जपून ठेवा.

गिऱ्हाईक फोन-पे, गुगल-पेचा स्क्रीनशॉट दाखवतं. ती रिसीट धरायची का?

शब्दाच्या अर्थानंच उत्तर द्यायचं तर नाही. स्क्रीनशॉट दाखवतो पैसे देणारा. ‘मी दिले’ असं त्याचं म्हणणं आहे. रिसीट म्हणजे ‘मला मिळाले’ हे घेणाऱ्याचं म्हणणं. दुकानदारानं आपल्या खात्यात रक्कम आली का, ते बँकेच्या मेसेजवर किंवा साउंडबॉक्सवर पाहावं आणि मगच पावती द्यावी. महाद्वार रोडवर सणासुदीच्या गर्दीत घाईघाईनं स्क्रीनशॉट बघून माल बांधून देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मला हे सांगावंसं वाटतं. खोटा स्क्रीनशॉट करायला फार डोकं लागत नाही.

देणाऱ्यानंही फक्त ॲपवरच्या नोंदीवर भागवू नये. ॲपमध्ये पैसे गेल्याचं दिसतं. ते कशापोटी गेले, हे दुकानदाराच्या पावतीवरच असतं.

टॅलीत रिसीट व्हाउचर आणि पेमेंट व्हाउचर यांत आमचा गोंधळ होतो.

एफ ६ म्हणजे रिसीट, एफ ५ म्हणजे पेमेंट. कळ दाबण्याआधी एकच विचारा: ज्या फर्मची पुस्तकं मी लिहितोय, तिच्याकडे पैसे आले की तिच्याकडून गेले? आले तर रिसीट.

गोंधळ होतो तो कागद हातात असतो म्हणून. फर्मनं जागेचं भाडं भरलं आणि जागामालकानं पावती दिली. मुलगा तो कागद बघतो, वर ‘रिसीट’ छापलेलं दिसतं, आणि तो एफ ६ दाबतो. पण ती जागामालकाची रिसीट आहे. आपल्या पुस्तकात ते पेमेंट. कागदावर काय छापलंय त्यापेक्षा तो कागद कुणाचा आहे हे आधी पाहायचं.

बँकेत रोख भरली किंवा बँकेतून काढली तर ते या दोन्हींत येत नाही. ते काँट्रा, म्हणजे एफ ४.

संस्थेच्या ताळेबंदाआधी ‘रिसीट्स अँड पेमेंट्स’ असतं आणि ‘इन्कम अँड एक्सपेंडिचर’ही असतं. एकच गोष्ट दोनदा का?

एकच नाही. अनेकवचनी ‘रिसीट्स’ म्हणजे जमा झालेल्या रकमा. ‘रिसीट्स अँड पेमेंट्स’मध्ये वर्षभरात प्रत्यक्ष आलेला आणि गेलेला पैसा येतो, मग तो कुठल्याही वर्षाचा असो. गेल्या वर्षीची थकलेली वर्गणी यंदा आली तरी ती यंदाच्या रिसीट्समध्ये पडते. ‘इन्कम अँड एक्सपेंडिचर’मध्ये त्या वर्षाचं उत्पन्न आणि त्या वर्षाचा खर्च घेतात, पैसे हाती पडले असोत वा नसोत. एखाद्या देणगीदारानं हॉल बांधायला मोठी रक्कम दिली तर ती रिसीट्समध्ये दिसेल, पण इमारत निधी म्हणून थेट ताळेबंदात जाईल. म्हणून सभेत कुणी ‘यंदा जमा इतकी दिसते आणि उत्पन्न एवढंच कसं?’ असं विचारलं तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही बरोबर असू शकतात.

‘बारावीची रिसीट आली का?’ असं मुलं म्हणतात. ते बरोबर आहे का?

महाराष्ट्रात परीक्षेच्या प्रवेशपत्राला रिसीट म्हणायची जुनी सवय आहे आणि इथं ती सगळ्यांना समजते. घरात, कॉलेजात खुशाल म्हणा. राज्याबाहेर किंवा इंग्रजी अर्जात लिहिताना मात्र ‘हॉल तिकीट’ किंवा ‘ॲडमिट कार्ड’ लिहा. तिथं ‘रिसीट’ लिहिलं तर समोरच्याला वाटेल, परीक्षेची फी भरल्याची पावती मागताय.

‘कष्टाची पावती मिळाली’ याचं इंग्रजी करताना रिसीट वापरायचं का?

मुळीच नाही. इथं मराठी पावती इंग्रजी रिसीटच्या फार पुढं जाते. कष्टाची पावती, गुणांची पावती, प्रामाणिकपणाची पावती असं आपण म्हणतो तेव्हा कुणीतरी दखल घेतली, मान दिला, एवढं सगळं त्यात असतं. इंग्रजीत तिथं ‘रिवॉर्ड’ किंवा ‘रेकग्निशन’ लागेल. आखाड्यात वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या पैलवानाला चांदीची गदा मिळाली आणि बातमीत कुणी ‘रिसीट ऑफ हिज हार्ड वर्क’ लिहिलं, तर इंग्रजी वाचणाऱ्याला काहीच अर्थबोध होणार नाही.

‘पावती फाडली’ यातही तेच. वाहतूक पोलिसानं पावती फाडली म्हणजे दंड केला. इंग्रजीत ‘फाइन्ड’ म्हणायचं. फाडण्याचं भाषांतर करायला जाऊ नये.

पत्रात ‘ऑन रिसीट ऑफ’ आणि ‘इन रिसीट ऑफ’ यांत काय फरक?

‘ऑन रिसीट ऑफ’ म्हणजे मिळताक्षणी, मिळाल्यावर. ‘ऑन रिसीट ऑफ पेमेंट, वी विल डिस्पॅच द गुड्स’, म्हणजे पैसे पोचले की माल रवाना करू. इथं पुढं काहीतरी व्हायचं आहे.

‘वी आर इन रिसीट ऑफ युअर लेटर’ म्हणजे तुमचं पत्र आम्हाला मिळालेलं आहे. इथं घडून गेलेलं सांगायचं आहे. हा जुन्या वळणाचा, सरकारी आणि व्यापारी पत्रांतला प्रयोग. चूक नाही, पण आजच्या ईमेलात ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ जास्त सरळ वाटतं आणि मी तेच सुचवतो.

‘प्लीज अक्नॉलेज रिसीट’ म्हणजे मिळाल्याची पोच द्या. इथं मिळण्याची क्रिया अभिप्रेत आहे, म्हणून ‘अ रिसीट’ किंवा ‘द रिसीट्स’ लिहू नका.

आणि ‘आय हॅव रिसीटेड युअर मेल’ हे कुठंच चालत नाही. मेल मिळाली तर ‘रिसीव्ह्ड’. रिसीटचं क्रियापद इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ बिलावर ‘पैसे मिळाले’ अशी नोंद करणं. ‘रिसीटेड बिल’ म्हणजे चुकतं झाल्याचा शेरा असलेलं बिल. ऑफिसातून खर्चाची भरपाई मागताना ‘अटॅच रिसीटेड बिल्स’ असं लिहून आलं तर तेवढाच त्याचा अर्थ.

सरकारी कचेरीत अर्ज दिला की ‘रिसीट द्या’ म्हणावं की ‘अक्नॉलेजमेंट’?

कागद दिल्याबद्दल ‘अक्नॉलेजमेंट’, पैसे भरल्याबद्दल ‘रिसीट’. मराठीत पोच आणि पावती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला की ती तुमची पोच झाली. शिक्क्याखाली कधी कधी ‘रिसीव्ह्ड, कंटेंट्स नॉट व्हेरिफाइड’ असं लिहितात. लिफाफा मिळाला, आत काय आहे ते पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते अर्ज फेटाळणं नव्हे.

टपालात दोन्ही एकदम दिसायचे. रजिस्टर ए.डी. करताना खिडकीवर जी चिठ्ठी मिळे ती टपालखात्याची रिसीट, कारण पाकीट तेव्हा त्यांच्या हातात आलं. पत्र घेणाऱ्यानं सही करून परत आलेलं कार्ड ही त्याची पोच. कोर्टाच्या कामात या दोहोंना वेगवेगळी किंमत असते.

रेसिपी आणि रिसीट यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि जवळचा आहे. लॅटिन ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’. वैद्य औषधाच्या चिठ्ठीच्या सुरुवातीला हा शब्द लिहीत: अमुक घे, तमुक इतकं घे. डॉक्टर चिठ्ठीवर आरच्या पायाला काट मारून जे चिन्ह काढतात ते या ‘रेसिपे’चंच. इंग्रजीत तर ‘रिसीट’चा सुरुवातीचा अर्थच औषधाची किंवा पदार्थाची कृती असा होता. पैसे मिळाल्याची लेखी कबुली हा अर्थ साधारण १६०० च्या सुमारास आला. नंतर कृतीचा अर्थ हळूहळू रेसिपीनं घेतला आणि रिसीटकडे पैसा राहिला. जुन्या इंग्रजी स्वयंपाकाच्या वहीत तांबड्या रश्श्यासारख्या कशाची ‘रिसीट’ दिसली, तर ती कृती समजा.

व्हॉट्सॲपवरची ‘रीड रिसीट’ आणि मुलं म्हणतात ते ‘रिसीट्स दाखव’ हे काय?

‘रीड रिसीट’ म्हणजे वाचल्याची पोच, निळ्या खुणा. दोन करड्या खुणा म्हणजे फोनवर पोचलं, निळ्या म्हणजे उघडलं. ‘रिसीट्स’ हा अलीकडचा बोलीतला अर्थ: पुरावे, जुने मेसेज, फोटो. मित्रांत ठीक, ऑफिसच्या पत्रात नको.

रिसीटवर रेव्हेन्यू स्टॅम्प कधी लावायचा?

रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर १ रुपयाचा. हे १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यात आहे. त्या कायद्यातली रिसीटची व्याख्या पैशाप्रमाणेच चेक मिळाल्याची कबुलीही धरते. सही तिकिटावरून आरपार जाईल अशी करायची, म्हणजे तेच तिकीट सोडवून पुन्हा लावता येत नाही. मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या रिसीटला सूट आहे, म्हणून निव्वळ देणगीच्या पावतीवर तिकीट लागत नाही.

हरवलेल्या पावतीसाठी ‘डुप्लिकेट रिसीट’ मागितली तर दुकानदार बिचकतो.

आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे नकली असं झालंय, म्हणून. इंग्रजीत त्याचा अर्थ दुसरी प्रत, अगदी सन्मानाचा. मराठीत ‘दुय्यम प्रत’ म्हणा. दुकानदारानं ती स्थळप्रतीवरून करावी, नंबर आणि तारीख मूळचीच ठेवावी आणि वर ठळक ‘दुय्यम प्रत’ लिहावं.

मंडळाचं पावती पुस्तक इंग्रजीतही छापायचंय. मजकूर काय ठेवू?

वर मंडळाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. डावीकडे पावती क्रमांक, उजवीकडे तारीख. मग मजकूर: ‘रिसीव्ह्ड विथ थँक्स फ्रॉम’ आणि देणाऱ्याचं नाव, ‘द सम ऑफ रुपीज’ आणि रक्कम अक्षरी, शेवटी ‘ओन्ली’, ‘बाय कॅश, चेक ऑर यूपीआय’ आणि क्रमांकाला जागा, ‘टुवर्ड्स’ आणि कशापोटी ते.

‘टुवर्ड्स’ म्हणजे इथं ‘पोटी’. वर्गणीपोटी, महाप्रसादापोटी. ‘ओन्ली’ म्हणजे आपलं ‘फक्त’. ते रकमेला चिकटूनच लिहायचं, मध्ये जागा सोडली की नंतर कुणीही शब्द वाढवू शकतो. मराठी पावतीवरचा ‘हस्ते’ इंग्रजीत ‘थ्रू’ होतो: पैसे एकानं दिले, पण दुसऱ्याच्या हातून आले तर त्या दुसऱ्याचं नाव तिथं येतं. चेकनं देणाऱ्यांसाठी तळाला ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन ऑफ चेक’ ही ओळ ठेवा, म्हणजे चेक वटल्यावरच पावती खरी.

खाली सहीच्या जागी ‘रिसीव्हर्स सिग्नेचर’ छापा. छापखानेवाले ठोकळ्यातला मजकूर तसाच उचलतात आणि तिथं कित्येकदा ‘पेयर्स सिग्नेचर’ येतं. प्रूफ तपासताना ही ओळ आधी बघा. सही वर्गणी घेणाऱ्या कार्यकर्त्याची हवी, देणाऱ्याची नको.